रातांब्यापासून अमृत कोकम: उन्हात मुरवायचं, गॅसवर नाही

कोकम सरबत करायचं म्हणून दुकानात गेलं की तीन वेगवेगळ्या वस्तू समोर येतात आणि नवखा माणूस हमखास चुकीची उचलतो. आमसूल म्हणजे रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या फळाची, वाळवलेली साल, ती आमटीत आणि सारात जाते. आगळ म्हणजे सालींना मीठ लावून काढलेला, साखर नसलेला रस, तो सोलकढीचा. अमृत कोकम म्हणजे ताज्या सालींत साखर मुरवून सुटलेला पाक, आणि सरबताचा खरा पाया हाच. आगळाच्या बाटलीतून सरबत करायला गेलात तर पहिल्याच घोटाला ते खारट लागेल आणि कितीही साखर घातली तरी चव सावरणार नाही. या लेखात अमृत कोकम घरी कसं करायचं ते सांगितलं आहे. ताजी फळं मिळत नसतील तर आमसुलांपासून करायची सोपी पद्धतही पुढे दिली आहे.

फळ आणि वेळ

रातांबे कोकणात, गोव्यात आणि कर्नाटकाच्या किनारपट्टीवर होतात. गोव्यात आणि तळकोकणात त्यांना भिरंडं म्हणतात. एप्रिलच्या मध्यापासून फळ पिकायला लागतं आणि मे महिन्यात भरपूर येतं. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की झाडावरचं उरलेलं फळ पाणी पितं, फुटतं आणि अमृत कोकमासाठी निकामी होतं. म्हणून फळ मे महिन्यातच घ्यायचं, आणि तेही पुढे आठवडाभर ऊन मिळेल असा अंदाज बांधून. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने १९९७ साली ‘कोकण अमृता’ ही जात प्रसारित केली. तिची साल जाड असते, आणि जाड साल म्हणजे जास्त पाक.

मुंबई-पुण्याच्या मंडईत मे महिन्यात रातांबे पाटीतून विकायला येतात. निवडताना रंग बघा. फळ गडद लाल ते जांभळट हवं, देठाशीसुद्धा हिरवटपणा नको. अर्धवट पिकलेल्या फळाचा पाक फिका आणि तुरट होतो. बोटाने दाबलं तर किंचित दबावं, पण साल फुटू नये. फुटलेली, डाग पडलेली किंवा पाझरून चिकट झालेली फळं स्वस्त मिळाली तरी सोडून द्या, कारण आंबायला सुरुवात अशाच फळांपासून होते. घरी आणल्यावर एक-दोन दिवसांत काम उरका. ढिगात ठेवलेले रातांबे तळाकडून लवकर नासतात, म्हणून तोवर परातीत पसरून ठेवा.

माप

पहिल्यांदा करताना १ किलो फळं पुरेत. आकारानुसार किलोत साधारण तीस ते पंचेचाळीस रातांबे बसतात. त्यातून जवळपास अर्धा किलो साल निघते, बाकी बिया आणि गर. पण साखरेचं माप फळाच्या वजनावर घ्यायचं नाही. साल वेगळी केल्यावर ती वजन करा आणि तिच्या दुप्पट साखर घ्या. म्हणजे

१ किलो रातांबे (सुमारे ५०० ग्रॅम साल)
१ किलो साखर, नेहमीची मध्यम दाण्याची
१ छोटा चमचा मीठ
अडीच ते तीन लिटरची काचेची किंवा चिनीमातीची बरणी
एवढ्यातून पाऊण लिटरच्या आसपास पाक निघतो

दुप्पट साखर ऐकून बहुतेकांचा हात अडखळतो आणि मग ‘आमच्याकडे कमी गोड आवडतं’ म्हणून ती निम्मी होते. अमृत कोकम बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. ५०० ग्रॅम सालीत साधारण ४०० ग्रॅम पाणी असतं. त्यात १ किलो साखर विरघळली की पाकात साखरेचं प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर जातं. एवढ्या दाट पाकात यीस्ट आणि बुरशी वाढत नाही, कारण साखर त्यांच्या वाट्याचं पाणी बांधून ठेवते. सालीइतकीच साखर घातली तर प्रमाण पंचावन्न टक्क्यांवर येतं आणि आठवड्याभरात बरणीत फेस दिसतो. दीडपट घातली तर पासष्टच्या काठावर राहतं. असा पाक फ्रिजमध्ये टिकेल, बाहेर टिकेलच असं नाही. गोडी ग्लासात पाणी वाढवून कमी करता येते. बरणीत हात आखडायचा नाही.

गुळाचं अमृत कोकम करायची हल्ली हौस आहे. चव वाईट नसते, पण गुळात आधीच ओलावा असतो आणि मूळचा लाल रंग तपकिरी होऊन जातो. पहिल्या खेपेला साखरच घ्या.

धुणं आणि पुसणं

रातांबे दोन-तीन पाण्यांतून धुऊन घ्या. मग स्वच्छ सुती पंचावर एकेक फळ पुसा आणि पंख्याखाली दोन-तीन तास पसरा. देठाच्या खळग्यात पाण्याचा थेंब अडकून राहतो, तिथे पंचाचं टोक फिरवा. देठ आणि त्याभोवतीच्या हिरव्या पाकळ्या पुसून झाल्यावरच काढायच्या. आधी काढल्या तर त्या जागेतून पाणी आत जातं. बरणी, सुरी, पाट, चमचा सगळं कोरडं हवं. बरणी गरम पाण्याने धुऊन कडक उन्हात उपडी वाळवावी. पुसून घेतली तर पंचाचा ओलावा आत राहतो.

भांड्यांबाबत तडजोड नको. कोकमाचं आम्ल जोरकस असतं. ॲल्युमिनियम, लोखंड, बिनकल्हईचं पितळ किंवा तांबं वापरलं तर पाकाला धातूची चव येते आणि रंग काळवंडतो. काच आणि चिनीमाती उत्तम. स्टीलच्या परातीत चिरायला हरकत नाही, पण आठवडाभर मुरवायला स्टीलचा डबा घेऊ नये. आणि हो, हातांना आणि कपड्यांना डाग पडतात. हातांचे दोन दिवसांत जातात, कपड्यांचे जातील असं समजू नका.

वाट्या काढणं आणि भरणं

फळ आडवं, मधोमध कापा, पण सुरी आरपार नेऊ नका. सालीपुरता गोल चिरा देऊन दोन्ही हातांनी पिळा दिला की फळाच्या दोन वाट्या सुटतात आणि बियांचा गोळा अख्खा हातात येतो. सुरी आत घुसली तर बी कापली जाते, तिचा तेलकट अंश पाकात उतरतो आणि वर चिकट तवंग येतो. बियांना चिकटलेला पांढरट गर गोडसर असतो. तोही बरणीत टाकायचा मोह होतो, पण गराने पाक गढूळ होतो आणि आंबण्याची शक्यता वाढते. बिया-गर वेगळ्या भांड्यात ठेवा, त्यांचं काय करायचं ते शेवटी येईल.

आता वाट्यांचं वजन करा, दुप्पट साखर मोजा आणि भरायला घ्या. बरणीच्या तळाशी बोटभर साखरेचा थर द्या. प्रत्येक वाटीत साखर दाबून भरा आणि तोंड वर करून थरात रचा. थर भरला की फटींत साखर भुरभुरा, मग पुढचा थर. मधल्या थरांत मीठ टाका. मिठामुळे सालीला पाणी लवकर सुटतं आणि सरबताला चवही येते. सगळ्यात वर साखरेचा जाड थर हवा, एकही साल उघडी दिसता कामा नये. त्यासाठी एकूण साखरेतली वाटीभर आधीच बाजूला काढून ठेवा. शेवटी वरच्या थराला साखर उरली नाही, असं नवख्यांच्या हातून फार होतं. बरणी पाऊणच भरा. तोंडाला दादरा बांधा, म्हणजे पातळ पण घट्ट विणीचं सुती कापड. मुंग्या येणारच, बरणी पाण्याच्या ताटात ठेवा.

ऊन

सकाळी नऊ-साडेनऊला बरणी उन्हात ठेवायची आणि चार-पाचला घरात आणायची. रात्री बाहेर ठेवू नये. पहाटे दव पडतं आणि मे महिन्यात वळवाच्या सरीचा नेम नसतो.

पहिल्या संध्याकाळीच वरची साखर ओलसर गुलाबी होते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बरणीचा तळ लालभडक पाकाने भरतो आणि वाट्या वर तरंगायला लागतात. इथून पुढे रोजचं एक काम आहे. कोरड्या लाकडी चमच्याने तळापर्यंत ढवळायचं, म्हणजे वरच्या वाट्या पाकात बुडतात आणि खाली बसलेली साखर उठते. हे चुकवलं तर वर तरंगणाऱ्या सालींवर पांढरी बुरशी धरते आणि तळाशी साखरेचा दगड होतो.

साखर सगळी विरघळायला सात-आठ दिवस लागतात. नुसत्या पाण्यात इतकी साखर खोलीच्या तापमानाला विरघळत नाही. उन्हाची ऊब आणि कोकमाचं आम्ल मिळून साखरेचा काही भाग ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये मोडतात. मोडलेली साखर पाकात जास्त मावते, आणि पुढे थंड केल्यावर तिचे खडे धरण्याचा धोकाही कमी होतो. उन्हाचं काम हे आहे. म्हणूनच पहिल्या दोन दिवसांत साखर विरघळत नाही म्हणून घाबरून वरून पाणी ओतू नका.

चौथ्या-पाचव्या दिवशी आभाळ आलं तर एक उपाय आहे. कढईत पाणी घेऊन पाणी गार असतानाच त्यात बरणी ठेवा आणि मंद आचेवर पाणी हाताला सोसेल-न सोसेल इतकंच तापवा. वीस मिनिटांनी गॅस बंद करा आणि बरणी तिथेच निवू द्या. काचेची बरणी थेट गरम पाण्यात ठेवली तर तडकते. सलग तीन-चार दिवस ऊन नसेल तर हे दिवसातून दोनदा करा. फ्लॅटमध्ये गच्ची नसली तरी दुपारचं तीन-चार तास ऊन येणारी खिडकी चालते, फक्त दहा-बारा दिवस धरायचे.

पाक गॅसवर उकळून एका दिवसात उरकायची पद्धतही आहे. तसं केलं तर सरबत होतं, अमृत कोकम होत नाही. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा, ती उष्णतेने मोडतात आणि पाक विटकरी होतो. ताज्या फळाचा वासही वाफेबरोबर जातो. उन्हालाही हेच लागू आहे. साखर विरघळली की बरणी आत आणायची. ‘अजून मुरू दे’ म्हणून पंधरा-वीस दिवस काच उन्हात तळपत ठेवली तर रंग उतरतोच.

झालं हे कसं ओळखायचं

पाकाचा थेंब दोन बोटांत चोळा. कणी लागली नाही आणि तळाशी चमच्याला साखर खरखरली नाही तर पाक तयार आहे. वाट्या तोवर आक्रसून चामट आणि अर्धपारदर्शक झालेल्या असतात. स्टीलच्या चाळणीवर ओतून दोन-तीन तास निथळू द्या, मग पातळ कापडातून गाळा. वाट्या पिळू नयेत. पिळल्या की चोथ्याचा बारीक अंश उतरतो आणि बाटलीत गाळ बसतो.

काचेच्या बाटल्या दहा मिनिटं पाण्यात उकळून, पूर्ण वाळवून त्यात पाक भरा. फ्रिजमध्ये वर्षभर राहतो. साखरेचं माप पाळलं असेल तर अंधाऱ्या कपाटातही तीन-चार महिने राहतो, पण रंग हळूहळू उतरतो. बाटलीत जिऱ्याची पूड घालून ठेवण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे. ती आम्हाला पटत नाही. पूड तळाशी बसते, महिन्याभरात तिचा वास शिळा होतो आणि पूर्ण बाटली त्याच वासाची होते. जिरं ग्लासातच घालावं.

घरच्यापुरतं करताना परिरक्षकाची, म्हणजे टिकवण्यासाठी घालतात त्या रसायनाची, गरज नसते. विकायचं असेल तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी घ्या आणि परिरक्षकाचं प्रमाण त्यांच्या नियमांप्रमाणे ठेवा. एक मात्र लक्षात असू द्या. लिंबाच्या किंवा आंब्याच्या सरबतात घालतात ते पोटॅशियम मेटाबायसल्फाइट कोकमाचा लाल रंग उडवतं. लाल रसांना सोडियम बेंझोएट वापरतात.

ग्लासात

२०० मिलीच्या ग्लासाला दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिली पाक. त्यावर १५० ते १६० मिली माठातलं पाणी, चिमूटभर मीठ, पाव छोट्या चमच्याहून कमी भाजलेल्या जिऱ्याची पूड. बर्फ घालायचा असेल तर पाणी तेवढं कमी करा. जिरं मंद आचेवर तपकिरी होईपर्यंत कोरडं भाजून जाडसर कुटा. कच्च्या जिऱ्याची पूड कडवट लागते. सैंधव चालतं. काळं मीठ घातलं की कोकमाऐवजी काळ्या मिठाचीच चव पुढे येते. पुदिना ज्याला हवा त्याने घालावा, आमच्या मते कोकमाला त्याची गरज नाही.

वीस माणसांना ६०० मिली पाक, सव्वातीन लिटर पाणी, दीड छोटा चमचा मीठ आणि एक मोठा चमचा जिरेपूड लागते. मीठ आधी थोड्या पाण्यात विरघळवून घाला, नाहीतर पहिले ग्लास अळणी आणि शेवटचे खारट. सरबत कालवून तासाभरात संपवावं. पाणी पडल्यावर साखरेचं संरक्षण संपतं आणि उन्हाळ्यात ते सकाळचं संध्याकाळपर्यंत टिकत नाही.

एका ग्लासात जवळपास २८ ग्रॅम साखर जाते, म्हणजे सात लहान चमचे. मधुमेह असणाऱ्यांसाठी हे पेय नाही. त्यांच्यासाठी दोन-तीन आमसुलं ग्लासभर पाण्यात तासभर भिजवून, कुस्करून, मीठ-जिरं घालून द्यावीत. तेही उन्हातून आल्यावर छान लागतं.

आमसुलांपासून

नागपूर, दिल्ली किंवा परदेशात ताजे रातांबे मिळत नाहीत, पण आमसुलं मिळतात. ती मऊ आणि लालसर-काळी हवीत. दगडासारखी कडक, भुरकट आमसुलं मागच्या किंवा त्याच्याही मागच्या वर्षीची असतात. एक तुकडा जिभेवर ठेवून खारट आहे का बघा, असेल तर पुढे मीठ घालू नका. ५० ग्रॅम आमसुलं एकदा पटकन धुऊन २५० मिली कडकडीत पाण्यात दोन-तीन तास भिजवा. हाताने कुस्करून गाळा. चोथ्यावर आणखी ५० मिली गरम पाणी घालून पुन्हा गाळा. या पाण्यात ३०० ग्रॅम साखर घालून मंद आचेवर विरघळवा, एक उकळी आली की बंद. हा पाक फ्रिजमध्ये दोन-तीन आठवडे टिकतो. ग्लासाला ३०ऐवजी ४० मिली घ्यावा लागतो. रंग माणकासारखा येणार नाही, मातकट लालच येईल. तो तसाच असतो, रंग घालू नका.

बिघडलं तर

पाकावर बारीक फेस आला पण वास ठीक आहे, तर आंबणं नुकतंच सुरू झालंय. पाक गाळा, प्रत्येक अर्ध्या लिटरला १०० ग्रॅम साखर घाला, उकळी येण्याच्या जरा आधीपर्यंत तापवून गार करा आणि फ्रिजमध्ये ठेवून पंधरा दिवसांत संपवा. रंग थोडा जाईल. दारूसारखा वास आला, झाकण फुगलं किंवा उघडताना फस्सकन गॅस सुटला तर फेकून द्या. बुरशी वरवरची दिसली तरी तेवढी काढून बाकीचं वापरू नये.

तळाशी साखरेचे खडे धरले तर बाटली कोमट पाण्यात उभी करा, विरघळतात. पाक तुरट लागला तर फळं कच्ची होती. त्यावर इलाज नाही, पाणी वाढवून प्या. पाक दाट न होता पाण्यासारखा राहिला तर फळं नीट पुसली गेली नव्हती. असा पाक थेट फ्रिजमध्ये टाका.

विकतच्या बाटलीत वरून रंग घातलाय का याचा अंदाज घेता येतो. पांढऱ्या वाटीत चमचाभर पाक, तीन चमचे पाणी आणि चिमूटभर खायचा सोडा घाला. आम्लामुळे आधी फसफसेल. सोडा थोडाथोडा वाढवत गेलात की कोकमाचा खरा लाल रंग जांभळट, मग निळसर-काळपट होत जातो. कृत्रिम लाल रंग लालच राहतो. जुन्या, आधीच तपकिरी पडलेल्या पाकावर मात्र या खेळाचा निष्कर्ष काढू नका.

उरलेलं

गाळल्यावर राहिलेल्या गोड वाट्या दोन दिवस उन्हात सुकवल्या की मुलं गोळीसारखी खातात. नाहीतर चिरून डाळीच्या आमटीत टाका, मग त्या आमटीत गूळ घालावा लागत नाही. बिया-गराच्या भांड्यात दोन पेले पाणी आणि मीठ घालून कुस्करा, गाळा, थोडी साखर घाला. त्या दिवसापुरतं गुलाबीसर सरबत होतं. गाळून राहिलेल्या बिया धुऊन कडकडीत वाळवा. कोकणात त्या फोडून, आतला गर कुटून पाण्यात उकळतात आणि वर आलेलं तेल काढून थिजवतात. तेच मुठेल, भेगाळलेल्या टाचांना लावायचं. एक किलो फळांच्या बियांतून सुपारीएवढा गोळा निघेल न निघेल, त्यामुळे शेजारपाजारच्यांच्याही बिया मागून घ्या आणि मगच चूल पेटवा.